पिण्याचा डोह

माणसाची कुऱ्हाड रानात शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. साळूबाई साळिंदर त्या रानाची वैदू. रोज कुड्याची मुळं उकरायची, उगाळून पिलांना चाटवायची. तरी हगवणीनं पिलं जातच होती. तिचं स्वतःचंही एक गेलं. उकरून उकरून नखं झिजली बिचारीची.

रानाच्या सभेत ती म्हणाली, "रानडुकरं लोळतात तेच पाणी पिलं पितात. हत्तीदादा, पिण्याचा डोह तेवढा वेगळा बांधून द्या."

वाघोबाची दाढ ठणकत होती. तो गुरगुरला, "आधी माझ्या उपचाराला गुहा! मी पडलो तर रान कोण राखील?"

"खरंच की, सरकार!" कोल्हा म्हणाला. हत्ती गुहेचे दगड वाहू लागला. साळूबाईत वाद घालायचं त्राण नव्हतं. ती मुळं उकरायला गेली.

गुहा झाली, दाढेचा ठणकाही थांबला. मग एका सकाळी वाघोबा बछड्याला तोंडात धरून आला. बछडा हगवणीनं लोळागोळा झालेला.

"साळूबाई, वाचव गं याला! गुहेत चल, मऊ पाला अंथरलाय."

साळूबाईनं उरलंसुरलं मूळ उगाळून बछड्याला चाटवलं. "वाचेल हो," ती दमून म्हणाली. "पण शुद्धीवर आला की पाणी मागेल. कुठलं पाजू, सरकार?"

वाघोबानं डोहाकडं पाहिलं. डुकरं निवांत लोळत होती.