धुक्यातले यंत्र

सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे लहानसा विमानतळ आहे, त्या गावात केवळचंद नावाचा व्यापारी राहत असे. डोंगरातल्या पाड्यांवरची स्ट्रॉबेरी तो विकत घेई आणि खाली आणून विकी. घाटरस्त्यात फळ चेपून जाई. म्हणून त्याने खाटेएवढे मोठे ड्रोन घेतले. ते चालवायला दिलवर पावरा नावाचा माणूस ठेवला.

ड्रोनमध्ये एक उपकरण होते. ड्रोन कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे ते विमानतळाच्या मनोऱ्याला आणि आकाशातल्या प्रत्येक विमानाला सतत कळवत राही. ते मोबाइलवर कुणालाही पाहता येई, म्हणून केवळचंदने ते बंद करायला लावले.

"माल कोणत्या पाड्यावरून येतो ते बाजाराला कळलं, की धंदा बसला," तो म्हणाला. "माझ्या बापानं आपल्या बैलगाडीचा रस्ता कधी कुणाला सांगितला नाही."

"शेठ, बैलगाडी समोरच्याला दिसायची तरी," दिलवर म्हणाला.

"तू उडव. धंदा मी बघतो."

हिवाळ्यात एका सकाळी डोंगरावरच्या दवाखान्यातून फोन आला. रायली नावाची बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हते. गाडीने रक्त पोहोचेपर्यंत ती जगली नसती. केवळचंद मनाने वाईट नव्हता. त्याने रक्ताच्या पिशव्या ताबडतोब ड्रोनमध्ये ठेवायला लावल्या. पण सवय सुटली नाही. उपकरण बंदच राहिले. मनोऱ्यालाही कुणी कळवले नाही.

खाली दाट धुके होते. प्रवाशांनी भरलेले एक विमान त्या धुक्यात उतरू लागले. वैमानिकाच्या काचेसमोरून काहीतरी काळे सर्रकन गेले. त्याने विमान वर घेतले आणि मनोऱ्याला सांगितले.

विमानांना वाट सांगायला मनोऱ्यात विमला गावित बसत. त्यांनी सगळे आकाश थांबवले. उतरणारे वर थांबले, उडणारे खाली थांबले. गावात ड्रोन एकट्या केवळचंदकडे होते, म्हणून मग त्यांनी त्याला फोन लावला.

"शेठजी, तुमचं यंत्र वर आहे का?"

केवळचंदने मनात हिशेब केला. हो म्हटले तर ड्रोनचा परवाना जाणार. शिवाय ही बाई ड्रोन खाली उतरवायला लावणार, आणि रायली मरणार. नाही म्हटले तर विमान पुन्हा त्याच धुक्यात उतरणार. दिलवर त्याच्या तोंडाकडे पाहत होता. धुक्याच्या वर विमानाची घरघर ऐकू येत होती. विमान दिसत नव्हते.

"आहे," केवळचंद म्हणाला. "लपवलं ते मीच. पण त्यात एका बाळंतिणीसाठी रक्त आहे, मॅडम. आता तुम्ही म्हणाल तसं."

"उपकरण चालू करा. बाकीचं नंतर बोलू."

दिलवरने उपकरण चालू केले. मनोऱ्याच्या पडद्यावर ठिपका उमटला. विमानाच्या उतरण्याच्या वाटेवरच तो होता. गावितबाईंनी वर कळवले. प्रवासी विमानाचा वैमानिक म्हणाला, "आम्ही थांबतो. आधी रक्त जाऊ द्या."

थोड्या वेळाने धुके विरले. केवळचंद अंगणात आला आणि जागीच उभा राहिला. वर तीन विमाने होती. एकाच्या वर दुसरे, दुसऱ्याच्या वर तिसरे, आपापली उंची राखून ती संथ गोल फिरत होती. उन्हात त्यांचे पंख चमकत होते. शेकडो माणसे त्या विमानांत बसून होती. आणि त्या सगळ्यांच्या खालून ते खाटेएवढे यंत्र एकटे डोंगराकडे चालले होते. डोंगरात कुणी एक बाई होती, तिला यांतल्या कुणीही पाहिले नव्हते. तिच्यासाठी सारे आकाश बाजूला सरले होते.

दिलवरने डोक्यावरची टोपी काढली.

रक्त वेळेत पोहोचले. ड्रोन परत आल्यावर मगच विमाने एकेक करून उतरली.

दुसऱ्या दिवशी गावितबाई स्वतः परवाना न्यायला आल्या.

"बाई वाचली, मॅडम," केवळचंद म्हणाला.

"तुम्ही खरं बोललात म्हणून वाचली. लपवलंत म्हणून परवाना जातोय. एकानं दुसरं फिटत नाही."

केवळचंदने वाद घातला नाही. परवाना दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्या हंगामाची सगळी स्ट्रॉबेरी दुसऱ्या व्यापाऱ्यांनी उचलली. तो एका शब्दाने कुरकुरला नाही.

तात्पर्य: सगळ्यांच्या वाटेवर लपून चालू नये. जो आपण कुठे आहोत ते सांगतो, त्याच्यासाठी मोठेही थांबतात. जो लपतो, त्याला वाट द्यायची तरी कुणी आणि कशी?