शापाच्या उन्हात वाचलेले पान

एका राज्यात चित्ररथ नावाचा राजा होता. त्याच्या ग्रंथमंदिरात मूळग्रंथ होता. त्या राज्यात जे जे निर्माण होई, ते त्यातले पान वाचूनच होई. मंदाक्षी एका पानाची वाचक. पण राजाज्ञेवाचून वाचल्यास देहदंड होता, म्हणून सावरिणी नावाच्या दासी तिचे मनगट धरून बसत. वाकडे झालेले सरळ करणे हे त्यांचे खरे काम.

एकदा राजाने धूम्रकेश मांत्रिकाला दरबारातून हाकलले. त्याने शाप दिला आणि ऊन उतरेना. तापाने सगळे आपला आकार विसरले. विणकरांची बोटे एकमेकांत गुंतली, धनुष्ये दोरीसारखी लोंबली, खुद्द राजाच्या जिभेला गाठ बसली. सावरिणी धावल्या, पण त्या मोजक्याच होत्या. मंदाक्षीचे मनगट सुटले.

ती गोंधळली. तिच्या पानातून नव्या सावरिणी घडत. वाचायला जावे की थांबावे? आज्ञा देणार कोण?

खिडकीतला भारद्वाज म्हणाला, "धरणारे हात गेले. आता कुणाची वाट पाहतेस?"

"हीच आज्ञा समजू?"

"ते मला ठाऊक नाही. मी पक्षी आहे."

ती निघाली. ग्रंथमंदिराचे दार तिघींनी मिळून ढकलल्याखेरीज उघडत नसे. वाटेत तिला तिच्या बहिणी भेटल्या, शर्वाणी आणि इरावती. त्याही त्याच पानाच्या वाचक, त्याही सुटलेल्या आणि तितक्याच भांबावलेल्या.

"आपल्याला मारतील का?" इरावतीने विचारले.

"बहुधा," मंदाक्षी म्हणाली आणि तिने इरावतीचा हात धरला.

तिघींनी दार उघडले, हजारो पानांतून आपले पान शोधले आणि मोठ्याने वाचले. प्रत्येक ओळीतून एक नवी सावरीण उठली नि नगरात गेली. बोटे सुटली, धनुष्ये ताठ झाली. सगळ्यांना आपापला आकार आठवला तसा शाप विरला आणि ऊन उतरले. तरी तिघींना थांबता येईना. गल्ल्या सावरिणींनी भरून गेल्या. अखेर काम संपलेल्या तीन सावरिणी परतल्या, त्यांनी तिघींची मनगटे धरली, तेव्हा वाचन थांबले.

राजाने तिघींना बोलावले. "कुणाच्या आज्ञेने वाचले?"

"कळत नाही, महाराज," मंदाक्षी म्हणाली. "हात सुटला आणि पाय निघाले."

राजाने आपल्या सुटलेल्या जिभेला बोट लावून पाहिले.

"आज्ञा द्यायला मला जीभच नव्हती," तो सावकाश म्हणाला. मग त्याने देहदंडाचा ताम्रपट मागवला आणि छिन्नी घेऊन राजाज्ञेवाचून वाचण्याच्या शिक्षेची ओळ स्वतः खरवडून काढली.