कुंडातली भरती

राजा उदयभान कोकणातल्या मेहुण्याकडे राहून आला आणि डोक्यावर नारळ पडल्यासारखा वागू लागला. त्याच्या राज्यात समुद्र नव्हता, नदीसुद्धा धड नव्हती. होतं ते वाफाळवाडीचं एक गरम पाण्याचं कुंड. राजाने हुकूम सोडला, "याचंच कोकण करा!"

झालं. गाड्या भरभरून वाळू आली. नारळाची झाडं मुळासकट आणून लावली, त्यांनी आठवड्यात माना टाकल्या. मग प्रधानाने बाभळीच्या सोटांना झावळ्या बांधल्या आणि वर नारळ लटकवले. केळी आल्या, पोपट आले, शहाळी घेऊन सेवक उभे राहिले. आणि भोवती पक्कं कुंपण पडलं, कारण कोकणात वाफाळवाडीची माणसं नसतात!

गावातली म्हातारी माणसं याच कुंडात रोज गुडघे शेकत. सगुणाच्या सासूबाईही त्यातल्याच. पाणी बंद झालं तशा त्या दिवसभर उंबऱ्याशी बसून सुनेच्या भाकरीपासून चालण्यापर्यंत सगळ्याचा पंचनामा करू लागल्या. सगुणाला त्यांचा भयंकर राग येई, आणि त्या कण्हायला लागल्या की तिचा जीवही तुटे. शेवटी ती तडक कुंडावर गेली.

राजा पाण्यात तोंड पाडून बसला होता.

"म्हाराज, कुंड उघडा. माझ्या सासूबाईंस्नी उठवंना झालंय."

"मला इथे कोकण सापडेना, आणि तुला सासूचं पडलंय!" राजा खेकसला. "झाडं आहेत, वाळू आहे, पण पाणी बघ. वाटीतल्या आमटीसारखं निपचित. लाटा कुठे आहेत?"

प्रधान लगबगीने म्हणाला, "महाराज, सेवक काठावर बसून सुपाने पाणी हलवतील."

"मला गहू पाखडायचे नाहीत!" राजा सगुणाकडे वळला. "उद्या सकाळी या कुंडात खऱ्या लाटा आण. आणल्यास तर कुंड उघडतो. नाही तर तुझ्या सासूने पुन्हा याचं नावही काढायचं नाही."

"आणते. पर लाटा आल्यावर अडवायचं न्हाई."

"लाट कोण अडवतो?"

"मग एका बाजूचं कुंपण काढून ठेवा. लाटंला यायला वाट लागती."

दुसऱ्या दिवशी राजा कुंडात जाऊन बसला. पाणी हलेना. प्रधान मिशीतल्या मिशीत हसू लागला. एवढ्यात आरडाओरडा करत अख्खी वाफाळवाडी धावत आली. पैलवान, पोरंटोरं, लेकुरवाळ्या बाया, आणि सगळ्यांच्या पुढे आईला पाठुंगळीला घेतलेला सगुणाचा नवरा. सगळ्यांनी धबाधब पाण्यात उड्या टाकल्या!

पाणी उसळलं. राजा या काठावरून त्या काठावर गेला आणि परत आला. शहाळी तरंगू लागली. बाभळीचा एक नारळवृक्ष आडवा झाला आणि त्याच्याबरोबर प्रधानही पाण्यात पडला. सासूबाई राजाच्या शेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "सरक की जरा बाबा."

"हे काय चाललंय?" नाकातलं पाणी शिंकरत राजा ओरडला.

"लाटा, म्हाराज," सगुणा काठावरून म्हणाली.

"लाटा कसल्या? ही माणसं आहेत! बाहेर काढा यांना!"

"आलेली भरती कुनी भाईर काढतं व्हय? तुमचं मेहुनं तरी काढत्यात का?"

राजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यात आणखी एक लाट गेली. ती गिळून त्याने विचारलं, "मग ही भरती ओसरते कधी?"

"भूक लागली की वहोटी. उद्या सकाळी पुन्हा भरती. गाव यायचं थांबलं, की तुमचा समुद्र आटला म्हनून समजा."

राजा असा काही गदगदून हसला, की त्या हसण्यानेच एक मोठी लाट उठली आणि नुकताच उभा राहिलेला प्रधान पुन्हा खाली बसला.

"उरलेलं कुंपणही काढा!" राजाने हातातलं सोन्याचं कडं उतरवून सगुणाला दिलं. "आणि दवंडी पिटा. आजपासून ही आमची दर्यासारंग!"