कुंडातले तांबपट्टे

पूर्वी रोहितनगरात जयघोष राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव सुनेत्र.

त्या राज्यातल्या एकाच डोंगरी ओढ्यात तांबपट्टा नावाचा बोटभर मासा राहत असे. डोळ्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावर लाल रेघ होती. राजाला तो इतका आवडे, की त्याने महालातल्या दगडी कुंडात तांबपट्टे आणून सोडले. राजाचे पाहून दरबाऱ्यांनीही तेच केले.

एकदा सुनेत्र ओढ्यावर गेला, तर तासन्‌तास बसूनही त्याला मोजकेच मासे दिसले. तो राजाला म्हणाला, "महाराज, ही जात संपत आली. त्यांना धरणे थांबवा."

राजाने लगेच दवंडी पिटवली: तांबपट्टा दुर्मिळ झाला आहे, कोणी धरू नये. झाले! ज्यांनी त्या माशाकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते, त्यांनाही आता तो हवाच झाला. सुनेत्राने कपाळाला हात लावला.

तो पुन्हा राजाकडे गेला. राजा हसून म्हणाला, "काळजी कशाला? उरलेले मी माझ्याच कुंडात आणवले. इथे बगळा नाही, खंड्या नाही."

"पण महाराज, वाहत्या पाण्याशिवाय हे मासे अंडी घालत नाहीत."

"मग कुंड मोठे करू."

सुनेत्राच्या जिभेवर जळजळीत उत्तर आले. त्याने ते गिळले. दर सभेत तो तेच मांडू लागला, आणि दर वेळी राजा कुंडाच्या नव्या पायऱ्यांबद्दल बोलू लागला.

उन्हाळ्यात कुंडातले मासे मरू लागले. नवे आणायला पाठवलेला नंदक कोळी रिकाम्या हातांनी परतला.

"हा मासे लपवतो! याचे हात तोडा!" राजा ओरडला.

सुनेत्र मध्ये उभा राहिला. "ओढ्यात मासाच नाही, तर हा आणणार कुठून? तोडायचेच तर आधी माझे हात तोडा. माझ्या बोलण्यावरून दवंडी पिटली आणि ओढा रिकामा झाला."

राजा कुंडाकडे पाहत राहिला. थोड्याच लाल रेघा उरल्या होत्या. त्याने विचारले, "आता?"

'मी सांगत नव्हतो?' हे शब्द सुनेत्राच्या अगदी ओठांवर आले होते. तो एवढेच म्हणाला, "चला, सोडून येऊ."

राजाने स्वतःच्या हाताने घडा ओढ्यात कलता केला. मासे खडकांखाली शिरले. राजा बावरला. "अरे, एकही दिसत नाही!"

"म्हणजे घरी पोहोचले, महाराज."

पुढच्या वर्षी त्या ओढ्यात पिल्ले दिसू लागली.

एवढे सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतो म्हणून ज्याच्यावर तुम्ही वैतागता, तो हा उत्तियच तेव्हाचा राजा. विहारात पाणी भरणारा सोण हा नंदक. अमात्य मी होतो. त्या जन्मी मी जपली, ती क्षांती, म्हणजे सहनशीलता."