तांबटिणीचा कान

खूप जुनी गोष्ट आहे. वेळ सांगायला तेव्हा घड्याळं नव्हती, आणि एका गावाला तर त्यांची गरजही नव्हती. तांबट आळीतून ठोके ऐकू यायला लागले की लोक समजायचे, उजाडलं.

त्या आळीत एक तांबट आणि त्याची बायको राहायची. जन्मभर तांब्यावर हातोडी मारून तांबटाचे कान कधीच कामातून गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगण्यासारखं संसारात असतं तरी किती? पण त्याचं काही अडत नव्हतं. घागर तयार झाली की तो तिच्यावर शेवटचा एक ठोका द्यायचा आणि समोर बसलेल्या बायकोकडे बघायचा. घागर धड असेल तर ती म्हणायची, "बोलतेय." केसाएवढी चीर असली तरी तिला आवाज बद्द लागायचा. मग ती म्हणायची, "गळतेय," आणि घागर मोडीत जायची. त्यावर वाद नसे. ज्याने ऐकलं त्याने सांगायचं, ही आळीची रीतच होती.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. दीड महिन्याची असताना एका दुपारी तिला पाळण्यात ठेवायला आई वाकली, आणि तिचा कान लेकीच्या छातीला टेकला.

ठोका, ठोका. आणि दोन ठोक्यांच्या मधे एक सुस्कारा, भाता फाटला की त्यातून हवा निसटते तसा.

तिने पुन्हा कान लावला, मग पाठीकडून लावला. सुस्कारा होताच. तिने लेकीला दुपट्यात गुंडाळलं, आणि त्यावर आणखी एक दुपटं गुंडाळलं, जणू कापडानं आवाज झाकणार होता.

"कशी आहे गं लेक?" तांबटाने भट्टीपाशी बसूनच विचारलं.

सांगायचं तर एकच शब्द होता, आणि तो तिने आयुष्यात हजार वेळा उच्चारला होता. पण गळक्याचं पुढे काय होतं तेही तिने हजार वेळा पाहिलं होतं. शब्द तोंडाबाहेर पडला की तो खरा होणार, अशी तिला भीती वाटली.

"बोलतेय," ती ओरडून म्हणाली.

त्या दिवसापासून भीती तिच्या घरात राहायला आली. लेक चार घोट दूध प्यायची की कपाळावर घाम यायचा, श्वास भरभर चालायचा आणि ती दमून डोळे मिटायची. आई शेजारणींना सांगायची, पोट भरलं की झोपते, शहाणी आहे. तिने दृष्ट काढली, अंगारा लावला. आवाज गेला असेल या आशेने ती दिवसातून दहादा कान लावायची आणि दहादा घाबरून उठायची. भट्टीवर हातोडी जरा थांबली तरी ती पाळण्याकडे धावायची. असे तीन महिने गेले. मूल काही भरेना.

बाईचा कान आता त्या सुस्काऱ्यानेच भरलेला. घागरीवर ठोका पडला तरी तिला तोच ऐकू यायचा, आणि ती न ऐकताच म्हणून टाकायची, "बोलतेय." एका आठवड्यात तीन घागरी गळून परत आल्या.

तांबटाने बायकोला दोष दिला नाही. त्याने हातोडी खाली ठेवली आणि आपले तळवे बघत बसला. "माझाच हात गेला," तो म्हणाला. "आता हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

ते मात्र तिला सोसवलं नाही. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अहो, हात नाही गेला. माझी जीभ गेली. आपली लेक गळतेय. तीन महिने मला ऐकू येतंय, आणि मी सांगितलं नाही."

तांबट हळूच म्हणाला, "बहिऱ्याला हातानंच ऐकावं लागतं गं. तिला आंघोळ घालताना छातीवर हात ठेवला की आत काहीतरी थरथरायचं. मी तुला विचारलं, तू म्हणालीस बोलतेय. तुझा कान कधी चुकला नाही, म्हणून मी माझ्या हाताला खोटं पाडलं."

ती ढसाढसा रडली. लेकीला उचलून दोघं तशीच नदीपलीकडच्या म्हाताऱ्या वैद्यिणीकडे गेली.

वैद्यिणीने दोन्ही दुपटी सोडली. छातीला कान लावला, पाठीला लावला, मग मुलीला पाजायला सांगून तिच्या कपाळावरचा घाम बघत राहिली. तो वेळ आईला नऊ वर्षांहून लांब वाटला.

"हिच्या काळजाला आत भोक आहे," वैद्यीण म्हणाली.

"म्हणजे मोडीत?" आईने विचारलं. तिला दुसरा शब्दच ठाऊक नव्हता.

"भांडं वाढत नाही, बाई. लेकरू वाढतं. वाढता वाढता कधी कधी भोक बुजतंही. पण त्याला वाढू तर द्यायला हवं. ही पोट भरून झोपत नव्हती, दमून उपाशी झोपत होती. आता थोडं थोडं पाज, पण दुप्पट वेळा पाज. मी देते ते थेंब रोज दे, आणि दर पंधरवड्याला घेऊन ये."

"बुजेल ना?"

"ते मी आज सांगणार नाही. मलाही ऐकतच राहावं लागेल."

भीती काही गेली नाही. पण आता ती दोघांत वाटली गेली. रोज सकाळी आई लेकीच्या छातीला कान लावायची आणि ऐकलं ते मोठ्यानं सांगायची, "आहे." मग तांबट हातोडी उचलायचा.

लेक पाच वर्षांची झाली. बरोबरीच्या पोरींच्या खांद्यालाही पुरत नव्हती; ते तीन महिने तिच्या अंगावर राहिले ते राहिलेच. एका सकाळी आईने कान लावला आणि काही बोललीच नाही. तांबटाचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"सापडत नाही," ती म्हणाली. "सुस्कारा सापडत नाही."

तांबटाने हातोडी उचललीच नाही. या वेळी तो बायकोच्या कानावर थांबला नाही. त्याने आपला तळवा लेकीच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून थरथर गेल्याची खात्री करून घेतली. त्या दिवशी आळीत ठोके उशिरा सुरू झाले, आणि अर्धं गाव झोपून राहिलं.

म्हणून लक्षात ठेवा: भीतीपोटी आपण जे बोलायचं टाळतो, त्याची झळ आपल्याआधी आपल्या माणसाला लागते.