वामनरावांची भुवई

“…आणि या चित्रात तुम्ही वामनरावांची भुवई अर्ध्या केसानं खाली आणलीत, ती मुद्दाम ना?”

पिंगुळकर मास्तर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

ऋजुतानं छायाप्रतींचे दोन कागद त्यांच्यापुढे सरकवले. छातीशी बांधलेल्या झोळीत तिची आठ महिन्यांची लेक झोपली होती. त्यामुळे तिला धड वाकताही येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं.

मास्तरांची व्यंगचित्रं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. वाईतल्या याच खोलीत ऋजुता लग्नाआधी त्यांच्याकडे रेघ शिकायला यायची. पण ही चित्रमालिका मास्तरांच्या जाडजूड संग्रहात नव्हती, त्यांच्यावरच्या एकाही लेखात नव्हती. बंद पडलेल्या एका दैनिकाच्या जुन्या फायली चाळताना ती तिला सापडली होती. नाव ‘वामनरावांची खुर्ची’.

तीन चौकटी. पहिलीत खुर्चीत बसलेले वामनराव. दुसरीत दारातून पुढे आलेला बायकोचा हात, हातात चहाचा कप. तिसरीत नुसता वामनरावांचा चेहरा. बोलणं चित्राखाली छापलेलं.

दर रविवारी हेच.

“तीच खुर्ची, तोच कप, आणि दर आठवड्याला फरक करायचा तो फक्त चेहऱ्यात! त्या काळात एवढं धाडस… आणि यावर कुणी चार ओळी लिहू नयेत?”

“कुणाला दिसलं नसेल.”

“मला दिसलं,” ऋजुता म्हणाली. नको तेवढ्या ठसक्यात म्हणाली, हे तिचं तिलाच कळलं.

मास्तरांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “काय दिसलं, सांग बघू.”

“हे बघा. इथे बढती मिळालीय, तर ओठ कसे सैल सुटलेत. आणि इथे आई गेल्याची तार आलीय. भुवई उतरली. हनुवटीसुद्धा. सगळा चेहरा विझलाय.”

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दोन्ही कागद नीट पाहिले.

“हं…”

“मला हेच हवंय, मास्तर. हे कसं केलंत, तेवढं सांगा.”

आणि हवं होतं ते आजच. एका वर्तमानपत्रानं तिला रविवारच्या पुरवणीत जागा देऊ केली होती. तिची पहिलीच चित्रमालिका. दोन चौकटी शाईनं पुऱ्या झालेल्या. तिसरीत, बाळ झोपल्यावर खुर्चीत येऊन बसलेली आई. तिचा चेहरा अजून पेन्सिलीतच होता. काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा… कागदाला तिथे लव सुटली होती. संपादकांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, “संध्याकाळपर्यंत आलं तर आलं, नाहीतर शब्दकोडं लावतो.” शब्दकोड्यापुढे आपण हरणार, याची ऋजुताला आता जवळजवळ खात्री झाली होती.

झोळीत लेकीनं मान वळवली.

“बघा, आठी पडलीय कपाळाला. ताप तर नसेल ना?”

“झोपलीय ती,” मास्तर म्हणाले.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दोन्ही कागद घेऊन खिडकीशी गेले. बढतीच्या वामनरावांवर त्यांनी तारेचे वामनराव ठेवले आणि दोन्ही कागद मिळून काचेवर धरले. बाहेर लख्ख ऊन होतं.

“ये इकडे.”

ऋजुता गेली.

खालची अक्षरं एकमेकांवर चढून काळा गिचमिडा झाला होता. वर मात्र एकच खुर्ची होती, एकच कप. आणि चेहरा…

ऋजुतानं कागद जरा सरकवले. पुन्हा जुळवले. भुवईवर भुवई, ओठावर ओठ.

“एकच आहे,” ती पुटपुटली.

“चित्र एकदाच काढलं. त्याचा छपाईचा जस्ती ठसा, ब्लॉक, तोही एकच. दर आठवड्याला नवा ब्लॉक करून द्यायला मालक तयार नव्हते. मी खालचं बोलणं तेवढं नवं लिहून द्यायचो. छपाईवाले तोच ब्लॉक लावायचे.”

“म्हणून संग्रहात…”

“प्रकाशक म्हणाले, मास्तर, एकच चित्र किती पानं छापू?”

ऋजुताला हसू आलं आणि कान तापले, दोन्ही एकदमच. ओठ सैल म्हणे. हनुवटी म्हणे.

मास्तर परत येऊन बैठकीवर टेकले.

“ती तार आली ना, त्या आठवड्यात एक गृहस्थ कचेरीत आले. धोतर, काळी टोपी. वामनरावांचा पत्ता मागायला लागले.”

“पत्ता?”

“भेटून यावं म्हणाले. माणूस फार खचलाय, चेहऱ्यावरून कळतं.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“चहा पाजला. मीही थोडा रडलो त्यांच्याबरोबर.”



ऋजुतानं पुन्हा तारेचा कागद एकटाच उचलला. आता सगळं ठाऊक होतं. तरी भुवई खालीच होती.

“मास्तर, मग ही खाली आणली कुणी?”

मास्तरांनी हात पुढे केला. “तुझं दाखव.”

तिनं पिशवीतून चित्र काढून दिलं. देताना, “अजून व्हायचंय हां, आणि आज हातही बरा नाही…” असं काहीबाही बोलत राहिली.

“या बाईच्या चेहऱ्यात काय काय घातलंयस?”

“डोळ्यांखाली दमणूक. भुवईत जरा काळजी. ओठाच्या कोपऱ्यात समाधान, पण रडू येईल असं. आणि कपाळावर…”

“आणि वामनरावांच्या?”

तिनं पाहिलं. दोन ठिपके. त्यांवर दोन आडव्या रेघा. खाली एक.

मास्तरांनी खिशातून खोडरबर काढून तिच्यापुढे ठेवलं.

ऋजुतानं झोळी एका हातानं सावरली. दमणूक खोडली. काळजी खोडली. समाधानापाशी हात थबकला… मग तेही खोडलं. फुंकर मारली. मास्तरांनी दौत पुढे सरकवली. तिनं दोन ठिपके दिले, वर दोन रेघा दिल्या, खाली एक ओढली.

लेक जागी झाली होती. झोळीतून ती आईकडे टक लावून बघत होती. ऋजुतानं वाकून तिच्या कपाळाकडे पाहिलं. आठी होती, की नव्हती?

“मास्तर, आता या बाईच्या चेहऱ्यात काहीच नाही हो. लोक काय बघणार?”

मास्तरांनी अडकित्ता उचलला.

“रविवारी सकाळी माणसं रिकामीच असतात. थोडं काम त्यांनाही असू दे.”