सकवारीचा विस्तव

काडेपेटी अजून निंबाळपुरात पोचली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. शहर तेव्हाही लहानच होतं. नदीच्या अंगाला कसबा, बाजाराच्या अंगाला पेठ आणि दोहोंच्या मधे दगडी वेस. कसब्यात शेतकरी, कुंभार, गुरव. पेठेत तेली, कोष्टी, वाणी. कसब्याला वाटे आपण जुने, पेठेला वाटे आपण शहाणे. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे, पण ते कबूल कोण करतो!

या वेशीत, पूर्वी पहारेकरी बसत त्या देवडीत, सकवार भडभुंजीण राहायची. जमिनीत खोल भट्टी, वर लोखंडी कढई, कढईत तापलेली वाळू. त्या वाळूत तिने मूठभर जोंधळे टाकले की लाह्या अशा उडायच्या की रस्त्यानं जाणारा थबकलाच पाहिजे. नवरा लवकर गेला होता. एकुलती एक मुलगी मंजुळा, ती कसब्यात दिलेली. जावई सासूच्या भट्टीतलेच चुरमुरे-फुटाणे टोपलीत घालून दारोदार विकायचा.

सकवारीची भट्टी कधी विझली नाही, असं म्हणतात. तिच्या सासूच्या सासूनं पेटवलेला तो विस्तव होता. त्यामुळे सगळं शहर आळशी झालं होतं. सकाळी उठावं, खापर घेऊन वेशीत जावं, सकवारीपुढे ओंजळभर पाचोळा टाकावा आणि निखारा घेऊन यावं. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, हेही त्या निखाऱ्याबरोबर घरोघर पोचायचं. चकमक होती ती चिलमीपुरती, म्हाताऱ्यांच्या बटव्यात.

मग तो पोळा आला. वेशीत तोरण बांधायचं आणि त्याखालून पहिला बैल एक वर्ष कसब्याचा, एक वर्ष पेठेचा, अशी जुनी रीत. पण आदल्या वर्षी पटकीची साथ आली म्हणून पोळा भरलाच नव्हता. कसबा म्हणे, न भरलेला पोळा मोजायचा नाही. पेठ म्हणे, तिथी तर येऊन गेली. झालं. कसब्याचे रंगोजी पाटील आणि पेठेचे मल्लाप्पा शेट, दोघांनी आपापले बैल एकदमच आत घातले आणि ते वेशीत खांद्याला खांदा लावून अडकले. मागे कुणी घ्यायचा? दिवस मावळेपर्यंत माणसं एकमेकांवर ओरडत राहिली, बैल मात्र निवांत उभे होते. शेवटी त्यांनी मान वर करून तोरणच खाऊन टाकलं. आधी कुणाच्या बैलानं खाल्लं, यावर निंबाळपुरात आजही दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी वेशीच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या पडल्या. इकडचं माणूस तिकडे जायचं नाही, तिकडचं पाणीसुद्धा इकडे चालायचं नाही. वेशीतला विस्तवही नको, कारण त्यात कुणाचा पाचोळा जळतोय कोण जाणे. सकवार मधल्या मधे राहिली. तिच्या मंजुळेचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कसब्याच्या सुनेनं वेशीत पाय ठेवायचा नाही, असा पाटलांचा हुकूम. सकवारीनं आळीव, डिंक सगळं जमवून ठेवलं होतं, ते तसंच मडक्यात राहिलं.

आणि भादव्यात झड लागली. अशी झड पुन्हा झाली नाही, असं म्हणतात. गोवऱ्या भिजल्या, चुलींत पाणी शिरलं, राखेत जपलेले निखारे विझले. चकमकीचा कापूस दमट झाला. हरभरे भिजवून कच्चेच खाण्याची वेळ शहरावर आली. वरून दगडी छत होतं म्हणून विस्तव उरला तो एका सकवारीच्या भट्टीत.

अशा एका सकाळी जावई बाभळीच्या पलीकडून ओरडला, "मामी, पोरगी झाली. पण मायलेकी दोघी बी गार पडायला लागल्यात. शेक द्यायला घरात ठिणगी न्हाई."

सकवारीनं चिमट्यात निखारा धरला आणि ती उठली. तेवढ्यात कसब्याकडून रंगोजी पाटील आले, पेठेकडून मल्लाप्पा शेट आले. विस्तवाची नड दोघांनाही होती.

पाटील म्हणाले, "दे की लेकीला. कोन अडवतंय? पर आजपास्नं ही भट्टी कसब्याची. पेठंला काय बी द्यायचं न्हाई."

शेट म्हणाले, "भुसा पेठेचा जाळायचा आन् विस्तव कसब्याला व्हय? एक निखारा तिकडं गेला तर ही भट्टी हितं ऱ्हायाची न्हाई."

सकवारीनं चिमट्यातल्या निखाऱ्याकडे पाहिलं. निखारा दिला तर लेक वाचते आणि पेठ गारठते. तिकडेही बाळंतिणी होत्या, तान्ही होती. त्यांच्याच खापरांत तिने आजवर विस्तव घातला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण निखारा तिने परत भट्टीत ठेवला.

"सोताच्या चुलीसाठी आता कुनालाच विस्तव न्हाई," ती म्हणाली. "कसब्यानं पेठंच्या घरी न्यायचा, पेठंनं कसब्याच्या. तसा न्यायचा आसंल त्यानं मागावा."

"आन् कुनीच न्हाई मागितला तर?" पाटलांनी विचारलं.

"तर माझी लेक बी गारच ऱ्हाईल, पाटील."

दोघेही पाय आपटत गेले. जावयानं कपाळाला हात लावला. भुसा संपत आला होता. सकवारीनं टोपल्या मोडून भट्टीत घातल्या, मग बाजेचे खूर, मग देवडीचं दार. आतून ती किती तुटली असेल ते तिचं तिला ठाऊक.

पेठेकडच्या फांद्या हलल्या. मल्लाप्पा शेटची म्हातारी आई नीलव्वा उघड्या हातांनी काटे बाजूला सारत आत आली. हाताला रक्त आलं होतं, कमरेवर खापर होतं.

"घाल ह्यात," ती म्हणाली. "तुझ्या लेकीकडं मी जाते."

"अव्वा, शेट काय म्हनतील?"

"मल्लाप्पा झाला तवा मी बी अशीच गारठले होते. तवा तुझ्या सासूनं विस्तव धाडला होता. तो काय म्हनतोय मला?"

ती म्हातारी पावसातून कसब्याच्या भर रस्त्यानं चालत गेली. पाऊस तिच्या डाव्या बाजूला पडत होता, उजव्या बाजूला पडत होता, खापरावर मात्र थेंब पडला नाही, असं म्हणतात. मंजुळेच्या घरी तिने शेगडी पेटवली, बाळाला मांडीवर घेतलं आणि पोटाला शेक दिला. थोड्या वेळानं मंजुळेनं डोळे उघडले आणि पोर रडली. तो आवाज रंगोजी पाटलांच्या बायकोनं आपल्या दारातून ऐकला. तिने कोपऱ्यातलं खापर उचललं आणि वेशीची वाट धरली.

मग कोण थांबतंय! कसब्याच्या बायका पेठेत, पेठेच्या कसब्यात. कुंभारणीनं तेल्याची चूल पेटवली, कोष्टिणीनं गुरवाची. बायकांनी रस्ता मोडल्यावर पुरुषही निघाले, आधी शेजारी बघत नाही ना, हे बघून. भट्टीत निखारे उरले होते ते जेमतेम ओंजळभर, पण खापर पुढे आलं की त्यात निखारा पडे. एवढ्याशा विस्तवात सगळं शहर कसं पेटलं, याचं कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. कुणी म्हणतं, वाळूखाली जुने निखारे दडलेले होते. कुणी म्हणतं, शेवटी शेवटी ती चिमटा टाकून हातानंच निखारे देत होती आणि तळव्यावर एक फोड उठला नाही. सगळ्यांत शेवटी मल्लाप्पा शेट आले. त्यांनी निखारा घेतला आणि खाली मान घालून थेट पाटलांच्या ओसरीवर गेले.

झड ओसरली, बाभळीच्या फांद्या वाळून सरपणाला गेल्या. सकवारीनं नातीच्या बारशाला शहरभर लाह्या वाटल्या. पुढे ती खूप वर्षं जगली आणि पिकलं पान गळावं तशी गेली. तिची देवडी आज एका तेवत्या पणतीखेरीज रिकामी आहे, पण तिथल्या फरशीवर भर थंडीत कुत्री येऊन झोपतात. फरशी अजून कोमट असते, असं म्हणतात.

आता निंबाळपुरात गॅस आहे, नगरपालिका आहे, कसब्यात आणि पेठेत पाण्यावरून नवी भांडणंही आहेत. पण नव्या घरातली पहिली चूल, मग ती गॅसची का असेना, तिथे कुणी आपल्या हातानं पेटवत नाही. देवडीतल्या पणतीवर दुसरी पणती लावून ती वेशीपलीकडच्या माणसानं आणायची असते, आणि त्यातही ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशानं आणली तर फार चांगलं. दारात घरधनीण विचारते, "कुणाचा विस्तव?" तो म्हणतो, "सकवारीचा." मग त्याला आत घ्यावंच लागतं. त्या चुलीवरचा पहिला चहा त्याचा असतो, आणि तो पिऊन होईपर्यंत घरातल्या कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं असतं.